जुनी मोटार : दुरुस्ती कीं बदल?

मोटार जुनी झाली म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "गॅरेजचीं बिलें भरण्यांत नवी गाडी आली असती." दुसरा म्हणतो, "आतांच इतका खर्च केला, तो वांया कसा घालवावा?" दोन्ही म्हणणीं ऐकावयास बरीं वाटतात, पण हिशेबाच्या कसोटीस एकही उतरत नाहीं. पहिला पक्ष नव्या गाडीचा खर्च विसरतो, तर दुसरा, गेलेला पैसा कोणत्याही निर्णयानें परत येत नाहीं, हें विसरतो. विचार करावयाचा तो पुढील दोनतीन वर्षांचा.

समजा, लातुरांतील एका कुटुंबाजवळ बारा वर्षांची मोटार आहे. तिची दुरुस्ती ४० हजारांची निघाली, आणि विकल्यास दीड लाख येतात. अशा वेळीं दुरुस्तीचा आकडा विक्रीच्या किंमतीशीं ताडून पाहण्याची चाल आहे. खरी तुलना मात्र नव्या गाडीच्या वार्षिक खर्चाशीं व्हावयास हवी. विम्याच्या प्रचलित कोष्टकांत सहा महिन्यांनंतर गाडीची किंमत १५ टक्क्यांनीं, आणि चार वर्षें उलटल्यावर ५० टक्क्यांनीं घटलेली धरतात. या मापानें आठ लाखांची मोटार पांचव्या वर्षीं चार लाखांवर येते. पांच वर्षांची सरासरी काढली तर वर्षास ८० हजार रुपये केवळ किंमत उतरण्यांत जातात. कर्जाचें व्याज व विम्याचा मोठा हप्ता निराळाच. जुन्या गाडीची बरीचशी घट आधींच होऊन गेलेली असते. म्हणून ४० हजार खर्चून ती वर्षभर निर्वेधपणें चालणार असेल, तर तो सौदा महाग नव्हे.

मात्र ती तशी चालेल कीं नाहीं, हें कसें ओळखावें? दुरुस्ती दोन प्रकारची असते. टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट हे झिजणारे भाग होत. ते नव्या गाडीलाही कालांतरानें बदलावे लागतात. त्यांचा खर्च म्हणजे गाडी म्हातारी झाल्याची खूण नव्हे. इंजिन तेल पिऊं लागणें, गिअरबॉक्स कुरकुरणें, सांगाड्याला गंज लागणें, हीं मात्र मुळांतलीं दुखणीं होत. एक बरें करावें तों दुसरें उभें राहतें. गेल्या तीन वर्षांचीं बिलें तारीखवार मांडून पाहावींत. खर्च वाढत जात असून दोन बिघाडांमधील अंतर कमी होत असेल, तर गाडीचा उतरता काळ आला असें समजावें.

मराठवाड्याच्या हवामानाचाही यांत वाटा आहे. नांदेड ते लातूर हा लोहा, अहमदपूर, चाकूर यांवरून जाणारा रस्ता सुमारें १४० किलोमीटरांचा. उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर असतां रेडिएटरची परीक्षा होते. त्यांत कूलंटऐवजीं बोअरचें जड पाणी ओतलें तर आंत क्षारांची खपली धरते आणि इंजिन तापतें. काळ्या मातीची धूळ हवेचा फिल्टर लवकर कोंदविते. तेव्हां पुष्कळदां गाडी बेभरंवशाची नसते, निगा अपुरी असते. आणि तीच निगा राहिली तर नवी गाडीही त्याच वाटेनें जाईल.

भरंवशाची किंमत उपयोगावर ठरते. नांदेडच्या बाजारापुरती फिरणारी मोटार बंद पडली तर रिक्षा मिळते. परंतु शिकवणीसाठीं लातुरास ठेवलेल्या मुलाला परीक्षेच्या सकाळीं केंद्रावर पोंचवावयाचें असेल, किंवा घरांतील रुग्णास वरचेवर दूरच्या इस्पितळांत न्यावें लागत असेल, तर एका बिघाडाचें मोल गॅरेजच्या बिलांत मावत नाहीं. अशा घरानें दुरुस्तीपेक्षां कांहीं अधिक पैसे मोजून बदल केला, तर ती उधळपट्टी ठरत नाहीं.

पंधरा वर्षें झालीं कीं गाडी कायद्यानें मोडींत जाते, अशी एक समजूत आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, हें खरें. परंतु परिवहन कार्यालयांत तपासणी होऊन ती पुढें पांच पांच वर्षांसाठीं वाढवितां येते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यांत आलें. चौदाव्या वर्षीं मोठी दुरुस्ती काढण्यापूर्वीं हा खर्च हिशेबांत धरावा. नोंदणीकृत केंद्रांत गाडी मोडींत दिल्यास मिळणारें प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करांत सवलतीसाठीं उपयोगीं पडतें, तेंही जमेस धरावें.

एक गोष्ट मात्र या जमाखर्चाबाहेरची आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढें एअरबॅग सक्तीची झाली. तत्पूर्वींच्या अनेक गाड्यांत ती नाहीं, आणि कोणताही मिस्त्री ती मागाहून नीट बसवून देऊं शकत नाहीं. कुटुंबाचा प्रवास मुख्यतः हमरस्त्यावरून वेगानें होत असेल, तर हें एकच कारण बदलास पुरेसें आहे.

तेव्हां नवी गाडी विकणाराचा सल्ला घेण्यापूर्वीं, ज्याला विक्रींत लाभ नाहीं अशा मिस्त्रीकडून गाडी तपासून घ्यावी. वर्षभरांत काय काय निघेल, तें अंदाजी खर्चासह कागदावर लिहून घ्यावें. तो आकडा नव्या गाडीच्या वार्षिक घटीहून कमी असेल, सांगाडा व ब्रेक निर्दोष असतील, आणि प्रवास जवळचा असेल, तर जुनी गाडी ठेवावी. यांपैकीं एकही गोष्ट नसेल, तर ती चालती आहे तोंवरच विकावी. बंद पडलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतें, किंमत मिळत नाहीं.