मूल संकटात असेल तर... १०९८ ला फोन केल्यावर पुढे काय होतं?



गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्जाची मागणी यावर आपण मोकळेपणी बोलतो. पण शेजारची पंधरा वर्षांची पोर मार खाऊन रात्री आपल्या दारात आली, किंवा ऊसतोडीला जायच्या आधी कुणाच्या मुलीचं लग्न उरकायचं ठरलं, की आपण गप्प होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, जोडी झाली की उचल मिळते, हे आपल्याला माहीत असतं. तरी वाटतं, दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं? आणि मनात एक भीती असतेच : फोन केला तर पोलीस येतील आणि लेकराला आईपासून कायमचं तोडतील. म्हणून फोन केल्यावर नेमकं काय होतं, ते समजून घेऊ.

फोन कोणता?

१८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी १०९८. दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे म्हणा, नंबर पाठ होईल. फोन फुकट आहे आणि रात्री-बेरात्रीही लागतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आहे आणि ११२ या पोलीस मदत क्रमांकाला जोडलेली आहे. मूल स्वतः फोन करू शकतं, तुम्हीही करू शकता. मूल कुठे आहे, वय अंदाजे किती, आत्ता जिवाला धोका आहे का, एवढं सांगा. आपलं नाव गुप्त ठेवा असंही सांगता येतं.

पुढे काय होतं?

जिल्ह्याची बालसंरक्षणाची माणसं मुलापर्यंत पोहोचतात. धोका मोठा असेल तर पोलीसही येतात. मुलाला सांभाळायची गरज असेल, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई असते. समिती मुलाचं म्हणणं ऐकते, घरची चौकशी करते, मग निर्णय देते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल आधी स्वतःच्या कुटुंबात राहावं, हाच प्रयत्न करायचा असतो. घर सुरक्षित नसेल तर आजी, मावशी अशा नात्यातल्या माणसांचा विचार होतो. बालगृह हा शेवटचा मार्ग. घरात गरिबी आहे एवढ्यावरून मूल काढून घेत नाहीत. उलट एकल पालक किंवा अनाथ मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून मदत मागता येते.

फोन लागेपर्यंत आपण काय करायचं?

- पोराला जवळ बसवा, खाऊपिऊ घाला. "तू सांगतेस ते मला पटतंय" असं म्हणा. तेच तेच खोदून विचारू नका.
- लैंगिक अत्याचार झाला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. दवाखान्यात न्या. उपचार मोफत द्यावेच लागतात.
- ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून "आपसात मिटवू" म्हणू नका. पॉक्सो कायद्यात असा अत्याचार माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे.
- मुलाचं नाव, फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. बैठकीतही नाव घेऊ नका.

बालविवाह असेल तर

मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण हवीत. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. पत्रिका वाटायच्या आधी कळवलं तर घरच्यांना समजावायला वेळ मिळतो आणि मांडवात अब्रूचा तमाशा होत नाही. लग्न होऊन गेलं असलं तरी वाट बंद होत नाही. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत मुलगी ते कोर्टातून रद्द करून घेऊ शकते.

१८ च्या पुढची असेल तर

बाईसाठी १८१ लावा. जिल्ह्याच्या सखी केंद्रात काही दिवस राहायची सोय, वकील आणि समुपदेशन एकाच जागी मिळतं. मन खचलंय, जीव द्यायची भाषा करतोय, असा मुलगा असो की मुलगी, १४४१६ वर मोफत बोलता येतं. त्या वेळी त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

पुढच्या बैठकीत

विषयपत्रिकेवर एवढंच घ्या : आपल्या गावची ग्राम बालसंरक्षण समिती शेवटची कधी बसली? सरपंच आणि अंगणवाडीताईंना विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहा. १०९८ हा आकडा शाळेच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगवून घ्या. ज्या लेकराला घरात बोलता येत नाही, त्याला तो तिथे तरी दिसेल.