पऱ्हाटीची किंमत

माघ-फाल्गुनात सोनपेठ तालुक्यातून जाताना वेचणी सरलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या गंजी बांधाबांधावर दिसतात. त्या जागीच पेटवून देण्याची, अथवा चुलीसाठी मोळी बांधून नेण्याची जुनी वहिवाट ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याच पऱ्हाट्या ट्रॉलीत बसून वजनकाट्यावर चढताना पाहून नवल वाटल्यावाचून राहत नाही. त्या नवलापोटीच मी एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो.

पऱ्हाटीची कुट्टी होते, कुट्टीचा भुगा होतो, भुगा गरम हवेवर वाळतो. त्यापुढचे मात्र पाहण्याजोगे आहे. लोखंडी दट्ट्या त्या भुग्यावर अव्याहत आदळतो. दाबाने उत्पन्न झालेल्या उष्णतेमुळे वनस्पतीच्या अंगचेच लिग्निन मऊ होऊन डिंकाचे काम करते, आणि बाहेरचे कोणतेही चिकटद्रव्य न घालता, बाजारात ‘पांढरा कोळसा’ या नावाने खपणारी मनगटाहून जाड, तपकिरी, वाफाळती कांडी लांब पन्हाळीतून सरकू लागते. शेडभर गोडसर-करपट वास कोंदलेला असतो.

“ओल दहा टक्के, त्याच्या वर नाही,” असे मुकादम बजावीत होते. ओल अधिक राहिली की साच्यात तिची वाफ होते आणि कांडी फुटते. ओल मोजण्याचे उपकरण त्यांच्या टेबलावर होते. परंतु गंजीपाशी बसलेली एक प्रौढ बाई प्रत्येक भाऱ्यातली एक काडी कानाशी नेऊन मोडीत होती, आणि मुकादमांचा खरा भरवसा तिच्यावरच असावा. “कडाडली की वाळली, दादा. नुसती वाकली तर दहाच्या वर,” ती म्हणाली.

या उद्योगाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शेतात पडून राहिलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला आश्रय देते, सबब ती वेळीच हलवावी असे कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत. शिवाय केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2021 च्या ऑक्टोबरात औष्णिक केंद्रांच्या कोळशात पाच टक्के जैवभार मिसळण्याचे धोरण जाहीर केल्यापासून अशा इंधनाला सरकारदरबारी प्रतिष्ठा लाभली आहे. परळीचे औष्णिक केंद्र येथून फार दूर नाही.

माझा संशय सुरू होतो तो गवतापाशी. पावसाळ्यानंतर गायरानावरचे गवत कापून आणण्याची मुकादमांची तजवीज आहे. कुसळ धरल्यावर काही गवतांना गुरे तोंड लावीत नाहीत, हे खरे; पण पवन्या आणि मारवेल ही तर उत्तम वैरण, आणि यंत्राला दोहोंतला भेद कळत नाही. ज्या मराठवाड्याने दुष्काळात चारा छावण्या पाहिल्या, तेथे दट्ट्याने गुरांशी चढाओढ करावी, हे मला रुचत नाही. खेरीज गवताच्या राखेत सिलिका व पोटॅश असल्याने तिचे खडे होऊन भट्टीच्या जाळीवर बसतात. मुकादमांनी हे नाकारले नाही; “मिसळून चालवू,” एवढेच म्हणाले.

ती बाई भूमिहीन आहे. पूर्वी पऱ्हाटीची मोळी मागितली की शेतकरी खुशाल नेऊ देई. आता तिला भाव आला, त्यामुळे बांधावरून उचलायची सोय उरली नाही. घरी गॅस आहे, पण टाकी संपली की चूलच. फुटलेल्या कांड्या तरी मिळतात का, असे मी विचारले, तेव्हा मुकादमांकडे एकवार पाहून ती म्हणाली, “त्या परत भुग्यात जातात, दादा,” आणि तिने पुढचा भारा ओढला.