दवाखान्यातील लॅपटॉप : निदान, उपचार आणि पथ्य

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण स्वतःची तक्रार सांगू शकत नाही. काय झाले, केव्हापासून झाले, आधी काय घडले हे आईकडून काढून घ्यावे लागते; उरलेले डोळ्यांनी, कानांनी व हातांनी शोधावे लागते. आपल्या टेबलावरचा लॅपटॉप हाही असाच अबोल रुग्ण आहे. मात्र तो बंद पडला की एरवी शांतपणे निदान करणारे आपण गांगरून जातो, दिसेल ते बटण दाबतो आणि भेटेल त्याच्या हाती तो सोपवतो. वस्तुतः रुग्ण तपासताना जी शिस्त आपण पाळतो, तीच येथे पाळली तर किरकोळ आजार दवाखान्यातच बरे होतात आणि गंभीर आजार वेळेवर योग्य हाती जातात.

प्रश्न केवळ यंत्राच्या किमतीचा नाही. बेळगावात खानापूर, चंदगडकडील खेड्यांतून मुले येतात. पावसाळ्यात लसीकरणाचे कार्ड भिजते, हरवते; मग त्या बाळाची नोंद केवळ आपल्याकडेच उरते. आमच्या परिचयाच्या एका दवाखान्यातील लॅपटॉप मंद चालतो म्हणून दुरुस्तीला दिला होता. तो परत आला तेव्हा वेगवान होता, पण कोरा होता. कित्येक वर्षांचे लसीकरणाचे तक्ते आणि वजन-उंचीचे आलेख पुसले गेले होते. पुढे कित्येक महिने आयांकडून जुनी कार्डे मागवून ती माहिती जुळवावी लागली; जी कार्डे सापडली नाहीत, त्या मुलांचे डोस कोणते झाले हा प्रश्न तसाच राहिला.

आधी इतिहास, मग तपासणी

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर प्रथम भिंतीवरचा प्लग दुसऱ्या उपकरणाने तपासावा. चार्जरचा दिवा लागतो का, वायर कोठे दुमडली आहे का, हे पाहावे. त्यानंतर पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस असे जोडलेले सर्व काढावे. चार्जरही काढून पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे, मग चार्जर जोडून पुन्हा सुरू करावे. एवढ्याने अनेक लॅपटॉप जागे होतात. पंख्याचा आवाज येतो पण स्क्रीन काळीच राहते, अशा वेळी दुसरा मॉनिटर जोडून पाहावा. त्यावर चित्र उमटले तर दोष बहुधा स्क्रीनचा असतो आणि आतील माहिती सुखरूप असते. स्क्रीनवर जो संदेश येईल त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्याला तोच आपला केसपेपर.

तीन तातडीचे प्रसंग

पहिला, चहा-पाणी सांडणे. चार्जर तत्काळ काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावे आणि उघड्या स्थितीत पालथे ठेवून पाणी निथळू द्यावे. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये, तांदळात पुरून ठेवू नये आणि 'चालू होतो का' हे पाहण्याचा मोह टाळावा. साखरेचा चहा वाळला तरी आतले धातू गंजतच राहतात. म्हणून यंत्र उघडून साफ करून घेणे आवश्यक असते.

दुसरा, बॅटरी फुगणे. टचपॅड वर उचलला जाणे किंवा झाकण नीट न बसणे ही त्याची लक्षणे होत. आत वायू साठलेला असतो. चार्जिंग त्वरित थांबवावे. बॅटरी टोचू अथवा दाबू नये, कारण ती पेट घेऊ शकते. ती कचरापेटीत न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

तिसरा, जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे. ही डिस्कची शेवटची घटका असू शकते. अन्य काम थांबवावे. माहिती मोलाची असेल तर यंत्र बंद करून जाणकाराकडेच न्यावे. नव्या एसएसडी मात्र पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात.

मदत कोणाची घ्यावी?

यंत्राच्या पाठीवरचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि वॉरंटीची मुदत एका वहीत नोंदवून ठेवावी. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहकसेवा' क्रमांक फसवा असू शकतो. क्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. स्क्रीनवर अचानक झळकणारी 'व्हायरस आला, या क्रमांकावर फोन करा' ही सूचना खोटी समजावी. अनोळखी माणसाला दुरून यंत्राचा ताबा देऊ नये, ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

यंत्र देताना पावतीवर 'माहिती पुसू नये' असे लिहून घ्यावे. तरीही माहितीची प्रत आधी काढलेली असावीच. आजच्या अनेक विंडोज लॅपटॉपमधील माहिती कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आधीच कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. अन्यथा आपलीच माहिती आपल्याला दुरावते.

रोजचे पथ्य

नोंदींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दवाखान्याबाहेर, हा सर्वमान्य नियम आहे. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवावी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. जेथे एवढी मोठी संस्था अडचणीत येते, तेथे आपल्या छोट्या दवाखान्याने अधिकच सावध असावे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. असे यंत्र वापरात असेल तर पुढील व्यवस्था लांबणीवर टाकू नये. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे हे २००२ च्या आचारसंहितेनुसार आपले कर्तव्यच आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅपटॉप मांडीवर ठेवून तासन्‌तास खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर उष्णतेने जाळीदार काळसर डाग पडल्याचे २०१० मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. मुलांना लॅपटॉप टेबलावरच वापरू द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अनेक संगणकांत, रिमोटमध्ये आणि वजनकाट्यांत नाण्यासारखी चपटी लिथियम बॅटरी असते. २० मिलिमीटर व्यासाची ही चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत खोल इजा करते. वापरून संपलेली चकतीही सुरक्षित नसते. क्ष-किरण चित्रात दुहेरी कडा दिसली तर ते नाणे समजून थांबू नये. दुरुस्तीनंतर जुनी बॅटरी टेबलावर राहिली नाही ना, हे स्वतः पाहावे.

येत्या रविवारी अर्धा तास काढून आपल्या नोंदींची एक प्रत काढावी आणि ती उघडते का, हे दुसऱ्या यंत्रावर पडताळून पाहावे. न तपासलेला बॅकअप म्हणजे शीतसाखळी तुटलेली लस. कुपी भरलेली दिसते, पण संरक्षणाची खात्री नसते.