जहाजाची सफर आणि किनाऱ्यावरील फेरी

कुपवाडच्या एखाद्या कुटुंबानें मिरजेस गाडी धरून मुंबई गाठावी व तेथून जहाजानें गोवा वा लक्षद्वीप पाहून यावें, ही गोष्ट आतां दुर्लभ राहिलेली नाहीं. २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीनें मुंबईहून अशा सफरी सुरू केल्या. मात्र तिकीट हातीं आलें म्हणजे सर्व खर्च भागला, असा समज कोणी करून घेऊं नये. तिकिटांत खोली, नेहमीचें जेवण व प्रवास येतो. बंदरावर उतरून स्थळें पाहण्याचा आकार बहुधा निराळा असतो.

ही फेरी घरून आगाऊ पैसे भरून ठरवितां येते, किंवा जहाजावरील सहल-कचेरींत नोंदवितां येते. जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहींत. रक्कम प्रवाशाच्या खात्यावर मांडली जाते आणि सफर संपतांना त्याच्या कार्डांतून वसूल होते. परदेशी जहाजांवर हें खातें पुष्कळदां डॉलरांत असतें. तेव्हां बँकेचा चलनबदलाचा आकारही हिशेबांत धरावा. बेत रद्द करण्यास मुदत असते. ती टळल्यावर पैसे परत मिळत नाहींत. वादळामुळें जहाजानें बंदरच वगळलें, तर कंपनी आपल्या फेरीचे पैसे सामान्यतः परत करते.

बाहेरचा मोटारवाला पुष्कळदां स्वस्त पडतो, हें खरें. परंतु येथेंच खरी मेख आहे. कंपनीच्या फेरीस उशीर झाला, तर जहाज बहुधा थांबतें, अथवा त्या मंडळीस पुढच्या बंदरीं पोंचविण्याची तजवीज कंपनी करते. स्वतंत्रपणें गेलेल्यांची वाट मात्र जहाज पाहत नाहीं. मिरजेच्या फलाटावर चहासाठीं उतरलेल्या उतारूकरितां गाडी थांबत नाहीं, तसाच हा प्रकार. शिवाय पुढील बंदर गांठण्याचा खर्च त्यांच्याच माथीं बसतो.

मुंबईस एक दिवस थांबणाऱ्या परदेशी जहाजावरील प्रवाशांचेंच उदाहरण घ्यावें. घारापुरीची लेणीं पाहावयाचीं, तर गेटवेपासून लाँचनें जाण्यास सुमारें एक तास व परतण्यास तितकाच लागतो. सोमवारीं तर लेणीं बंद असतात. उलट गेटवेचा परिसर पायींही पाहून होतो.

तात्पर्य, जादा आकारांत वेळेच्या जोखमीचाही मोबदला असतो. स्थळ दूरचें असल्यास कंपनीची फेरी घ्यावी. जवळचें असल्यास स्वतः जावें, पण जहाजाच्या घड्याळाप्रमाणें तासभर आधींच परतावें.