देह वाचण्याचे शास्त्र
धाराशिव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2022 मध्ये सुरू झाले, तर तेथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय त्याहून बरेच जुने असून, दोन्हींकडे पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, म्हणजे आयुर्वेदाच्या परिभाषेतील रचना शारीर, शिकावे लागते. सुश्रुतसंहितेने प्रेत गवतात गुंडाळून पाण्यात सात दिवस ठेवावे आणि मग थर खरवडत पाहावे असे सांगितले. आज फॉर्मॅलिनने टिकवलेल्या देहाचे विच्छेदन होते आणि बेवारस देह महाविद्यालयांना देण्याची तरतूद 1949 च्या कायद्याने केली आहे. एका पायात नितंबास्थीसह 31 हाडे असली, तरी विद्यार्थ्याचा खरा कस कुल्ल्यापाशी लागतो, कारण तेथून सायटिक नर्व्ह, म्हणजे शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू, मांडीत उतरतो आणि तो वाचावा म्हणून इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरील भागात देतात. धड मात्र नुसत्या चित्रांवरून क्वचितच उमगते: छाती व पोट वेगळे करणाऱ्या श्वासपटलापाशी अधोमहाशीर, अन्ननलिका आणि महाधमनी अनुक्रमे आठव्या, दहाव्या व बाराव्या वक्षमणक्याच्या पातळीवर पलीकडे जातात, हे हाताने चाचपल्यावरच पक्के होते. देहदानाची इच्छा असणाऱ्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात संमतिपत्र भरावे आणि घरच्यांना आधीच कल्पना द्यावी.