गेमिंग पीसी टिकतो कशावर?

‘सगळ्यात महागडं घे, मग दहा वर्षं बघायला नको.’ पहिल्यांदा गेमिंग पीसी जोडायला निघालेल्या मुलाला हा सल्ला हमखास मिळतो. पैसे बहुतेक वेळा आई-वडिलांचे असतात आणि आकडा लाखाच्या पुढे सहज जातो, म्हणून हा सल्ला तपासून घ्यायला हवा.

किंमत आणि आयुष्य यांचा थेट संबंध नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घ्या. त्यांतले आय-९ सर्वांत महाग, आणि गेम मध्येच बंद पडण्याच्या तक्रारीही ठळकपणे त्यांच्याच. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं. पुढे मायक्रोकोड अपडेट दिलं, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने सुधारत नाही. या पिढ्यांचा प्रोसेसर सेकंडहॅण्ड घेताना हे विसरू नका.

दीर्घकाळाचा विचार असेल तर आधी मदरबोर्डचं सॉकेट बघा. एएमडीचे पहिले रायझन २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर आले. त्या वेळच्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसला. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलला, बाकी सगळं तेच. टिकणं म्हणतात ते हे.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत लोक नावातला नंबर बघतात. २०२० च्या आरटीएक्स ३०७० वर मेमरी ८ जीबी. त्यानंतर आलेल्या स्वस्त ३०६० वर १२ जीबी. ३०७० ची चिप निर्विवाद वेगवान आहे. पण २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’सारख्या गेममध्ये टेक्श्चर वरच्या सेटिंगला नेले की ८ जीबी अपुरी पडायची आणि गेम अडखळायचा. कार्डावरची मेमरी सोल्डर केलेली असते, रॅमसारखी नंतर वाढवता येत नाही. आज कार्ड घेऊन पाच-सहा वर्षं काढायची असतील, तर माझ्या मते १२ जीबीच्या खाली जाऊ नये.

एसएसडी लिहून लिहून झिजते, ही भीती मात्र सोडून द्या. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला ६०० टीबी लेखनाची हमी असते; पाच वर्षांत ती संपवायला रोज ३०० जीबीहून अधिक लिहावं लागेल.

सगळ्यात जास्त गैरसमज एसएमपीएसबद्दल आहेत, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. ८५० वॅटचा एसएमपीएस लावला म्हणून विजेचं बिल वाढत नाही. तो पीसीला लागेल तेवढीच वीज ओढतो. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, म्हणजे वीज वाया किती जाते याचा. आतले कपॅसिटर कोणत्या दर्जाचे, शॉर्टसर्किट झालं तर तो वेळेवर बंद होतो का, हे त्यातून कळत नाही. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी उतरलं की ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आणि लांब वॉरंटी असलेलं मॉडेल निवडा, स्वतंत्र परीक्षणं वाचा, आणि कॅबिनेटची जाळी दर महिन्याला पुसा.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना दमदार पीसी याहून जास्त ओढतो, म्हणजे लाइट गेली की यूपीएसही त्याच क्षणी मान टाकतो. यूपीएसवर लिहिलेले वॅट बघा, व्हीए नव्हे.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा ‘पीसीला थोडा करंट असतोच’ असं सांगून वेळ मारून नेली जाते. तसं मुळीच नसावं. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटशी जोडतात आणि त्यांतून झिरपणारा किंचित करंट अर्थिंगमधून निघून जायचा असतो. अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मं, ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. स्पाइक बस्टरचंही काम मग अर्धवट होतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं भोक कधी कधी नुसतं नावाला असतं. मागे वायरच नसते. तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात शून्याच्या जवळ. स्वतः करू नका. पार्ट्सची ऑर्डर देण्याआधी वायरमनला बोलवा.