राख आणि क्षार

तांब्यापितळेची भांडी चुलीतल्या राखेने लख्ख होत असल्यामुळे राखेलाच क्षार समजण्याचा प्रघात पडला आहे. परंतु लाकडाच्या राखेचा बराचसा भाग चुनखडीच्या जातीचा, पाण्यात न विरघळणारा असून, तिच्यातील जो अल्पसा विद्राव्य (पाण्यात विरघळणारा) अंश, मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, तोच खरा क्षार होय. चहाची पूड म्हणजे चहा नव्हे, पाण्यात उतरलेला तिचा अर्क म्हणजे चहा. तद्वत राख पाण्यात कालवून, ते पाणी निवळून, गाळून आटवले असता जो पांढुरका जिन्नस उरतो, तो क्षार.

सुश्रुतसंहितेत या कृतीचा तपशील विलक्षण बारकाईने आला आहे: राखेच्या ६ पट पाणी, २१ वेळा गाळणे, आणि पुढे तापवून लाल केलेले शंखशिंपले त्यात विझवणे. ही शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शंखांच्या चुन्यामुळे त्या पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होते, आणि ते मांससुद्धा जाळते. म्हणूनच शल्यवैद्य मूळव्याधीवर व भगंदरावर त्याची योजना करीत. क्षार वनस्पतीजन्य आहे, सबब सौम्यच असणार, हा समज त्यामुळे टिकत नाही. हेच पाणी तेलाबरोबर शिजवले, की मऊ साबण होतो.